स्ट्रॉबेरीच्या पानावरचे जांभळे ठिपके: बेळगाव भागातल्या नवख्यांसाठी

दसऱ्याच्या मागेपुढे लावलेली स्ट्रॉबेरीची रोपं मुळं धरतात, मधून नवं पान उलगडतं, आणि नेमक्या त्याच सुमाराला खालच्या पानांवर टाचणीच्या डोक्याएवढे जांभळे ठिपके दिसायला लागतात. पहिल्यांदाच लागण (म्हणजे लागवड) केलेला माणूस इथंच गडबडतो. बटाट्यावरचा करपा दोन-चार दिवसांत शेत कसं बसवतो हे त्यानं पाहिलेलं असतं. हाही तसलाच असणार म्हणून तो पंप पाठीला लावतो. स्ट्रॉबेरीचा हा ठिपका सावकाश चालतो. रोप मारत नाही, पण पानं निकामी करत जातो, आणि डिसेंबरात फळ बारीक पडायला लागलं की मग त्याची किंमत कळते.

बेळगाव तालुक्याचा पश्चिम भाग, खानापूर, हुक्केरी, निपाणी इकडं कोबी, बटाटा, रताळी करणाऱ्यांपैकी काहीजण आता दोन-चार गुंठ्यांवर स्ट्रॉबेरी करून बघतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय. लागवडीची सगळी कहाणी यात नाही, फक्त पानावरचा ठिपका आहे. आणि मुद्दा एकच आहे: हा ओल्या पानाचा रोग आहे. पान किती तास ओलं राहतं यावर बाकीचं सगळं ठरतं. औषधाचा नंबर त्यानंतर लागतो.

आधी रोग ओळखा

सकाळी दहाच्या सुमाराला, दंव वाळल्यावर शेतात जा. वेगवेगळ्या वाफ्यांतली पाच-सहा पानं देठासकट खुडा. पार वाया गेलेलीच घेऊ नका. नुकता ठिपका पडलेलं एक, मधल्या अवस्थेतलं एक आणि पूर्ण खराब झालेलं एक, अशी तिन्ही हवीत. बांधावर बसून ती ओळीनं मांडा. रोगाचा प्रवास समोर दिसतो.

पानावरचा साधा ठिपका (मायकोस्फेरेला फ्रॅगारी नावाच्या बुरशीचा, नव्या पुस्तकांत तिला रॅम्युलेरिया म्हणतात) सुरुवातीला गर्द जांभळा आणि गोल असतो. काही दिवसांत त्याचा मधला भाग तपकिरी, मग राखाडी आणि शेवटी जवळजवळ पांढरा होतो. भोवती जांभळट तांबडं कडं तसंच राहतं. पूर्ण वाढलेला ठिपका ३ ते ६ मिलिमीटरचा असतो. पान उलटलं की खालच्या बाजूला तोच ठिपका फिकट दिसतो, कडंही तितकं उठून दिसत नाही. हवा उबदार आणि दमट असेल तर कोवळ्या पानावरचा ठिपका मधे पांढरा होतच नाही, सगळाच तांबूस तपकिरी राहतो. अशा वेळी शेजारचं जुनं पान बघायचं. तिथं पांढऱ्या मध्याचे ठिपके सापडले तर शंका मिटली.

याच्यासारखे दिसणारे आणखी पाच-सहा प्रकार आहेत, आणि बहुतेकांचा इलाज वेगळा आहे. म्हणून इथं जरा वेळ घालवा.

ठिपके वेडेवाकडे, जांभळे आणि मधे पांढरे न होणारे असतील, ते एकमेकांत मिसळून सगळं पान तांबडं-जांभळं पडत असेल आणि कडा वाळून वर वळत असतील, तर तो पानजळ. ही डिप्लोकार्पॉन नावाची वेगळी बुरशी. भिंग असेल तर त्या डागांवर काळे चकचकीत बारीक उंचवटे दिसतात. पानजळीची काळजी मात्र साध्या ठिपक्यासारखीच घ्यायची, त्यामुळं या दोघांत गोंधळ झाला तरी फारसं बिघडत नाही.

डाग मोठा, तपकिरी, पानाच्या कडेपासून मधल्या शिरेकडं निमुळता होत गेलेला, म्हणजे इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा असेल, तर तो फोमॉप्सिसचा करपा. तो बहुधा जुन्या पानांवरच राहतो.

पान उजेडाकडं धरून बघा. डाग शिरांच्या मधे अडकलेले, कोनाकोनाचे असतील आणि उजेडात आरपार, तेल लागल्यासारखे चमकत असतील, तर ही बुरशीच नाही. तो जिवाणूचा कोनी ठिपका. त्यावर बुरशीनाशकाचे हजारो रुपये मारले तरी काही उपयोग नाही. ही एक चाचणी फुकट आहे आणि अर्ध्या मिनिटाची आहे, तरी फार थोडे लोक ती करतात.

पानाच्या कडा वाटीसारख्या वर वळल्यात आणि खालच्या बाजूला पांढरट पीठ आहे, तर ती भुरी. भुरीला पानावर पाणी साचायला लागत नाही. कोरड्या दिवसांत, दमट रात्रींत ती वाढते, म्हणून आपल्याकडं ती थंडी पडल्यावर जास्त दिसते. खालच्या बाजूला बारीक जाळी आणि वरून पिवळे टिंब दिसले तर तो लाल कोळी. आणि सगळ्या रोपांच्या पानांच्या कडा एकसारख्या करपल्या असतील, ठिपका कुठंच नसेल, तर ड्रिपमधून सोडलेल्या खताचा हिशेब आधी तपासा.

आता होतं असं की माणूस यातलं काहीच न बघता मोबाईलवर एक फोटो काढतो आणि दुकानात जातो.

“काका, हे बघा की जरा. काय पडलंय?”

“करपा हाय ओ. हे घेऊन जावा, पंपाला तीस ग्रॅम मारा.”

दुकानदाराचा दोष नाही. फोटोत पानाची खालची बाजू नाही आणि उजेडाकडं धरलेलं पानही नाही, मग तो तरी काय ओळखणार? दुकानात जायचंच तर तीन अवस्थांची तिन्ही पानं घेऊन जा.

रोग येतो कसा

जुन्या ठिपक्याच्या पांढऱ्या भागावर बुरशीचे बिजाणू, म्हणजे तिचं बारीक बी, तयार होतात. पावसाचा किंवा तुषार सिंचनाचा थेंब तिथं आदळला की ते उडतात आणि शेजारच्या कोवळ्या पानावर पडतात. पान ओलं असेल तर ते रुजतात आणि पानाच्या बारीक छिद्रांतून आत शिरतात. त्यासाठी पान सलग १२ तासांच्या आसपास ओलं राहावं लागतं आणि हवा १८ ते २५ अंशांची असावी लागते. आत शिरल्यावर ठिपका दिसायला १० ते १५ दिवस जातात. म्हणजे आज दिसणारा ठिपका दोन आठवड्यांपूर्वीच्या पावसाचा आहे. काल मारलेल्या औषधाचा गुण आज दिसला नाही म्हणून परवा दुसरं औषध मारणारे लोक हाच हिशेब विसरतात.

हे आकडे आपल्या हवेवर लावून बघा. ऑक्टोबरात परतीचा पाऊस, ढगाळ दिवस आणि २० अंशांच्या आसपासच्या रात्री. बुरशीला याहून चांगलं काय हवं? बेळगावची उंची साधारण ७५० मीटर, महाबळेश्वरची १३०० मीटरच्या वर. तिकडची थंडी आपल्याकडं तेवढ्या लवकर येत नाही, त्यामुळं हा उबदार ओला काळ आपल्याकडं नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लांबतो. बंगालच्या उपसागरात काही वादळ झालं की त्यात आणखी चार ढगाळ दिवसांची भर पडते. पुढं डिसेंबर-जानेवारीत दंव भरपूर पडतं, धुकं असतं, पण पहाटे पारा १३-१४ अंशांवर उतरतो आणि दिवसभर कोरडं ऊन असतं. तेव्हा हा ठिपका मंदावतो.

म्हणजे खरा सामना लागणीपासून पहिल्या दीड-दोन महिन्यांत आहे. तेव्हा झाडावर फळ नसतं. हे तुमच्या फायद्याचं आहे. याचा उपयोग पुढं औषधाच्या वेळी होईल.

रोपं घेताना

रोग शेतात येतो तो बहुतेक वेळा रोपांबरोबरच. आपल्याकडं स्ट्रॉबेरीचं जुनं पीक नाही, आजूबाजूला रानटी झाडं नाहीत, त्यामुळं बुरशी हवेतून कुठून तरी येईल ही भीती कमी. ती वाई-पाचगणी-महाबळेश्वरकडून येणाऱ्या टेम्पोत बसून येते. तिथल्या रोपवाटिका पावसाळ्यात रनर (झाडाला फुटणारे सरपटते धुमारे, त्यांनाच नवी रोपं येतात) वाढवतात, म्हणजे नेमक्या ओल्या दिवसांत. तेव्हा थोडेफार ठिपके असणं साहजिक आहे.

शक्य असेल तर स्वतः जाऊन रोपं बघा. निपाणीवरून पुणे-बेंगळूरु हायवेनं सरळ वर, सुरूर फाट्याला वाईकडं वळायचं. तिथं गेल्यावर वरवर दिसणाऱ्या हिरव्यागार शेंड्यावर भाळू नका. ट्रेच्या मधलं एक रोप उपसा, सगळ्यात खालचं पान बघा, देठ बघा. देठावरही हा रोग लांबट जांभळा डाग करतो. दहा-पंधरा रोपं अशी तपासा. एखाद-दुसऱ्या पानावर दोन-चार ठिपके असतील तर चालवून घ्या. निम्म्याहून जास्त रोपांवर ठिपके असतील तर दुसरीकडं जा. तिथला माणूस म्हणेल, लावल्यावर जातंय सगळं. ते आपोआप जात नाही.

विंटर डाऊन, स्वीट चार्ली, कॅमारोसा, नाबिला ही नावं तुम्हाला ऐकायला मिळतील. कुठल्या वाणाला ठिपका कमी येतो यावर प्रत्येकाचं मत वेगळं असतं. पहिल्या वर्षी वाणाच्या चर्चेपेक्षा रोपाचं खालचं पान बघण्यात वेळ घालवलेला बरा.

घरी आणल्यावर रोपं एकावर एक रचून ठेवू नका. सावलीत, हवा खेळेल अशी मांडा आणि लागणीआधी ठिपके असलेलं प्रत्येक पान काढून टाका. एका रोपावर दोन कोवळी पानं आणि मधला कोंब राहिला तरी ते जगतं. बरेच लोक मुळं बुरशीनाशकात बुडवून लावतात. मुळाच्या रोगांसाठी ते ठीक आहे. पानावर आधीच पडलेला ठिपका त्यानं बरा होत नाही.

जागा आणि वाफा

भाताचं शेत पाणी धरून ठेवणारं असेल तर ते नको. तांबड्या मातीचा, उताराचा, सकाळचं ऊन आधी येणारा तुकडा निवडा. सकाळचं ऊन महत्त्वाचं, कारण दंव तेच वाळवतं. पूर्वेला उसाचा फड असेल तर नऊ-दहा वाजेपर्यंत सावली राहते, वाराही अडतो आणि पान तेवढे तास जास्त ओलं राहतं. उसाला लागून स्ट्रॉबेरी करायचीच असेल तर ऊस पश्चिमेला असू दे.

गादीवाफा एक फूट उंच, त्यावर दोन ओळी नागमोडी, रोपांत एक फूट अंतर. एकरी २२ ते २४ हजार रोपं म्हणतात ती याच हिशेबानं, म्हणजे गुंठ्याला साडेपाचशे ते सहाशे. रोपं स्वस्तात मिळाली म्हणून गुंठ्यात आठशे कोंबू नका. डिसेंबरात पानाला पान भिडलं की मधे वारा शिरत नाही.

वाफ्यावर मल्चिंग पेपर आणि खाली ड्रिप असावं. पेपरमुळं मातीचा शिंतोडा पानावर येत नाही आणि गवतही थांबतं. दोन वाफ्यांमधल्या सरीत भाताचं पिंजर पसरा. आपल्याकडं ते घरचंच असतं. ऑक्टोबरचा पाऊस सरीत आदळून जो चिखल उडतो तो त्यानं थांबतो, आणि तोडणीच्या वेळी बायकांचे पाय चिखलात रुतत नाहीत.

पाणी

लागणीनंतर पहिले काही दिवस रोपांवर तुषार किंवा झारीनं पाणी द्यावं लागतं, नाहीतर दुपारच्या उन्हात ती माना टाकतात. ते द्या. पण दुपारी तीनच्या आत थांबवा, म्हणजे अंधार पडायच्या आधी पान वाळतं. संध्याकाळी पाच वाजता वरून दिलेलं पाणी सकाळच्या दंवापर्यंत पानावर राहतं, आणि १२ तासांचा हिशेब तुम्हीच पुरा करून देता. रोपानं नवं पान काढलं की वरचं पाणी बंद. पुढं फक्त ड्रिप.

रात्रीची लाईट असते म्हणून रात्री पाणी सोडणं ड्रिपमध्ये चालतं, कारण पान ओलं होत नाही. फक्त लाईनवर एक चक्कर मारून फुटकी नळी, निखळलेला जोड बघून घ्या. एका बारीक भोकातून रात्रभर उडणाऱ्या कारंज्याखाली दहा-बारा रोपं सापडतात आणि रोग तिथूनच सुरू होतो.

पानं काढणं

या रोगात सगळ्यात जास्त गुण कशाचा येत असेल तर तो याचा. आणि नवखे लोक सगळ्यात जास्त टाळतात तेही हेच, कारण हिरवं पान तोडायला जीव होत नाही.

लागणीनंतर तीन आठवड्यांनी पहिली फेरी, मग नोव्हेंबर संपेपर्यंत दर दहा-बारा दिवसांनी एक. दुपारी अकरा ते चार या वेळात, पान पूर्ण कोरडं असताना. ओल्या पानांत हात घातला तर रोग पुढच्या रोपावर नेणारे तुम्हीच.

रोपाशी उकिडवं बसा. डाव्या हाताच्या बोटांनी रोपाचा गड्डा (मुळांच्या वरचा, पानं फुटतात तो जाड भाग) धरून ठेवा, म्हणजे रोप हलणार नाही. उजव्या हातानं सगळ्यात बाहेरचं, जमिनीकडं झुकलेलं पान देठाला धरून बाजूला न्या आणि कात्रीनं देठ बुडापासून बोटभर ठेवून कापा. हिसडा मारून उपटू नका. रोप अजून धड रुजलेलं नसतं, गड्ड्याला जखम होते आणि तिथून दुसरे रोग शिरतात. रोपावर राहिलेला देठाचा तुकडा वाळून आपोआप गळतो. पांढऱ्या मध्याचे ठिपके असलेलं पान आधी जायला हवं, कारण बिजाणू तिथंच आहेत. नुकता जांभळा ठिपका पडलेलं, पण बाकी हिरवं पान राहू दे. एका फेरीत रोपावरच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त पानं काढायची नाहीत. शेवटी चार-पाच सशक्त पानं राहिली पाहिजेत, नाहीतर फळाला साखर कुठून मिळणार?

काढलेलं पान सरीत टाकायचं नाही. कमरेला पिशवी बांधा आणि त्यातच टाका. भांगलणीला येणाऱ्या बायकांना हे आधी सांगून ठेवा, कारण भांगलणीत उपटलेलं तण तिथंच टाकायची सवय असते. पिशव्या शेताबाहेर नेऊन खड्ड्यात पुरा. शेणाच्या उकिरड्यावर नको, तोच उकिरडा पुढच्या वर्षी वाफ्यात येतो.

एका गुंठ्याला एका माणसाला पहिल्यांदा अर्धा दिवस लागतो, हात बसला की निम्म्यावर येतो. जिथं दोन-चार गुंठेच आहेत तिथं हे घरच्या घरी होतं. एकरभर करणाऱ्याला मजुरी मोजावी लागते. म्हणून माझं म्हणणं, पहिल्या वर्षी पाच गुंठ्यांच्या वर जाऊ नका.

औषध: कधी आणि कुठलं

फुलं येण्याच्या आधी. हे वाक्य नीट लक्षात ठेवा. स्ट्रॉबेरीची तोडणी एकदा सुरू झाली की दोन-तीन दिवसाआड होते. फळाला साल नाही, ते सोलता येत नाही आणि बरेचजण न धुताच तोंडात टाकतात. औषध मारल्यापासून तोडणीपर्यंत जो काळ थांबायचा असतो तो पाळायचा म्हटलं तर मधल्या दोन-तीन तोडण्या टाकून द्याव्या लागतात. ते कोणी करत नाही. त्यापेक्षा रोपाला कळी दिसायच्या आधी दोन फवारण्या करून मोकळं व्हा. रोगाचा जोरही तेव्हाच असतो, हे वर आलंच आहे.

सुरुवात स्पर्शजन्य, म्हणजे पानावर वरूनच काम करणाऱ्या, औषधानं करायची. मॅन्कोझेब ७५ टक्के किंवा कॅप्टान ५० टक्के ही जुनी माहितीतली नावं, साधारण २ ग्रॅम प्रति लिटर. १६ लिटरच्या पंपाला ३२ ग्रॅम झाले. अंदाजपंचे टोपणानं मोजू नका, छोटा वजनकाटा मिळतो. पावडर आधी मगभर पाण्यात कालवून मग पंपात ओता, नाहीतर नोझल तुंबतं. कॅप्टानमध्ये तेलकट औषध किंवा चुन्याचं काही मिसळायचं नाही, पान भाजतं. कॉपर ऑक्सिक्लोराइडही चालतं, पण थंड, ढगाळ दिवसांत पुन्हा पुन्हा मारलं तर कोवळ्या पानाला इजा होते.

पानं काढूनही नव्या पानांवर ठिपके येतच असतील आणि पुढं पाऊस दिसत असेल, तर आंतरप्रवाही, म्हणजे पानाच्या आत शिरणारं, औषध एकदा. अॅझॉक्सिस्ट्रॉबिन किंवा डायफेनोकोनॅझोल या गटातलं. प्रमाण त्या डब्यावर असेल तेच. एकाच गटातलं औषध ओळीनं दोनदा नको. बुरशी त्याला सरावते आणि पुढच्या वर्षी ते पाण्यासारखं होतं.

दर एकरी २०० लिटर पाणी धरलं तर गुंठ्याला ५ लिटर, म्हणजे एका पंपात तीन गुंठे होतात. नोझल खाली घेऊन पानाच्या खालच्या बाजूनं वर मारा. वरून चालत चालत मारलेली फवारणी मल्चिंग पेपर धुते, एवढंच. पानं काढायची फेरी आधी, फवारणी नंतर. उलट केलं तर औषध लागलेली पानं तुम्ही पिशवीत भरता.

लेबलाबद्दल एक. बहुतेक बुरशीनाशकांच्या डब्यांवर द्राक्ष, बटाटा, टोमॅटो अशी पिकांची नावं असतात, स्ट्रॉबेरी क्वचितच. ज्यावर स्ट्रॉबेरी नाही त्याचा थांबायचा काळ तुमच्या पिकासाठी ठरलेलाच नाही, असं समजा. असं औषध मारायच्या आधी बागायत खात्याच्या तालुका कार्यालयात विचारा. डब्यातल्या घडीच्या कागदावर कन्नडमध्ये सगळं छापलेलं असतं. आपल्याला वाचता येत नसेल तर शाळेत जाणारी मुलगी घरात आहेच, तिच्याकडून वाचून घ्या. डब्यावरचा चौकोनी रंग मात्र कुठल्याही भाषेत कळतो: हिरवा सगळ्यात कमी विषारी, मग निळा, मग पिवळा, आणि लाल सगळ्यात घातक. लाल रंगाचा डबा स्ट्रॉबेरीच्या शेतात आणायचं काही कारण नाही.

हातमोजे, तोंडाला मास्क, पूर्ण बाहीचा सदरा. फुलं उमलल्यावर कशासाठीही फवारायची वेळ आलीच तर संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर. स्ट्रॉबेरीचं फळ वाकडंतिकडं होण्यामागं बऱ्याचदा मधमाश्या कमी असणं हेच असतं.

खत

युरियाचा हात आखडता ठेवा. नत्रानं पान मोठं, मऊ आणि दाट होतं, आणि बुरशीला तसंच हवं असतं.

फळावर काळे टिंब दिसले तर

कधीकधी हीच बुरशी फळावर येते. पिकत आलेल्या फळावर एक-दोन बियांच्या भोवती काळा, कडक, चपटा डाग पडतो. फळ कुजत नाही, चवही फारशी बदलत नाही, पण पनेटमध्ये (फळं भरायच्या छोट्या पेटीत) असं एक फळ दिसलं की गिऱ्हाईक पूर्ण पेटी बाजूला सारतं. ती फळं वेगळी काढा, घरी जॅम करा. अशा वेळी फळावर औषध मारू नका. त्या रोपाच्या खालची जुनी पानं काढा, डाग तिथूनच आलेत.

हंगाम संपल्यावर

मार्चच्या अखेरीला ऊन तापलं की फळ बारीक आणि आंबट होतं. तेव्हा एक मोह होतो: हीच झाडं ठेवू, पावसाळ्यात रनर काढू, पुढच्या वर्षीच्या रोपांचे पैसे वाचवू. बेळगावच्या पश्चिमेला जून ते सप्टेंबर पान वाळतच नाही. जांबोटी-कणकुंबीकडं तर विचारूच नका. उघड्यावर ठेवलेल्या जुन्या झाडावर चार महिन्यांत ठिपका, पानजळ आणि गड्ड्याची कूज सगळं एकत्र येतं. शेडनेटनं पाऊस थांबत नाही, ते फक्त थेंब बारीक करतं. रोपं घरी करायचीच असतील तर वर प्लास्टिक, बाजू मोकळ्या आणि खाली ड्रिप, एवढी सोय लागते. ती नसेल तर एप्रिलमध्ये झाडं मुळासकट उपटून पुरून टाका, पेपर गोळा करा आणि त्या तुकड्यात पुढची दोन वर्षं भाजी किंवा नाचणी घ्या. स्ट्रॉबेरी दुसऱ्या तुकड्यात.

शंका राहिली तर कोणाला दाखवायचं

होबळीच्या (तालुक्यातल्या काही गावांच्या गटाच्या) रयत संपर्क केंद्रात चौकशी करून सुरुवात करता येते. पण नेमकं निदान हवं असेल तर बैलहोंगल तालुक्यातल्या मत्तिकोपचं केएलई कृषी विज्ञान केंद्र किंवा गोकाकजवळच्या अरभावीचं किट्टूर राणी चन्नम्मा उद्यानविद्या महाविद्यालय बरं. हे महाविद्यालय बागलकोटच्या उद्यानविद्या विद्यापीठाचं आहे. नमुना नेताना पान प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, पोचेपर्यंत ते कुजतं आणि तपासणाऱ्याला कूजच दिसते. वर्तमानपत्राच्या घडीत सपाट ठेवा. एक पूर्ण रोप मुळासकट वेगळ्या कागदात गुंडाळून न्या. बरोबर चिठ्ठीवर लिहा: लागणीची तारीख, वाण, रोपं कुठून आणली, पाणी कसं देता, मागचा पाऊस कधी पडला, आणि आतापर्यंत काय काय, किती ग्रॅमनं मारलं. शेवटचा मुद्दा लपवू नका. तिथला माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो.